सुप्रजेचं स्वप्न: कर्जत ते बर्लिन

संयोजकांनी आजच्या व्याख्यानाला ‘विज्ञान आणि परिपूर्ण माणूस’ असं भारदस्त नाव दिलं आहे. मी मात्र सुरुवात गोठ्यापासून करणार आहे. एक तर या विचाराचा उगम गोठ्यात आहे, आणि दुसरं म्हणजे नगर जिल्ह्यातल्या श्रोत्यांना गोठा समजावून सांगावा लागत नाही.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं ‘फुले त्रिवेणी’ ही गाय तयार केली. तिच्यात तीन रक्तं एकत्र आणली. निम्मं होल्स्टिन फ्रिजियन, पाव जर्सी आणि पाव आपली गीर. नोंदवह्या ठेवून, पिढ्यान्‌पिढ्या निवड करून हे काम झालं. दूध वाढलं, आणि संकरित गाईच्या दुधावर या जिल्ह्यातल्या कितीतरी मुलांच्या फिया भरल्या गेल्या. मी त्याला नावं ठेवायला आलेलो नाही. पण ‘चांगली गाय’ म्हणजे कोणती, हे गाईनं ठरवलेलं नाही. ते डेअरीनं ठरवलं, लिटर आणि फॅट बघून. गाईला स्वतःला उन्हाळा सोसतो का, तिच्या वासराचं काय होतं, हे प्रश्न नंतरचे. आणि गोऱ्हा झाला की गोठ्यात कुणाचा चेहरा फुलत नाही, हेही तुम्हाला ठाऊक आहे.

आता हीच नोंदवही माणसाची ठेवली तर? कल्पना नवी नाही. तत्त्वज्ञानाच्या वर्गात प्लेटोचं ‘रिपब्लिक’ शिकवताना पाचव्या पुस्तकाशी आलो की मी जरा घाईनं पुढे सरकायचो. तिथे सॉक्रेटिस ग्लॉकनला विचारतो, तुझ्या घरी शिकारी कुत्रे आहेत, जातिवंत पक्षी आहेत. त्यांची पैदास तू सगळ्यांपासून सारखी करतोस की उत्तम असतील त्यांच्यापासून? ग्लॉकन म्हणतो, उत्तमांपासून. झालं, तिथून नगरराज्यातल्या स्त्री-पुरुषांची पाळी. जोड्या चिठ्ठ्या टाकून ठरवायच्या, पण चिठ्ठ्यांत राज्यकर्त्यांनी आधीच घोळ करून ठेवायचा, म्हणजे ज्याला संधी मिळाली नाही तो नशिबाला दोष देईल, राज्यकर्त्यांना नाही. सत्याचा एवढा मोठा उपासक, पण माणसाची जात सुधारायची म्हटल्यावर पहिली पायरी फसवणुकीची पडली. याकडे मी वर्गात लक्ष वेधायला हवं होतं. वेधलं नाही.

विज्ञानाचा अंगरखा या कल्पनेला चढला १८८३ साली. फ्रान्सिस गाल्टन, डार्विनचा नातेवाईक, यानं ‘युजेनिक्स’ हा शब्द घडवला. आपल्याकडे त्याला ‘सुप्रजाजनन’ म्हणू लागले. शब्द किती गोड आहे बघा! सुप्रजा कुणाला नको? तेव्हा या विचारामागे लागलेली माणसं राक्षस होती असं समजू नका. बहुतेक सुधारक होती. रोगराई, दारिद्र्य, बालमृत्यू बघून कळवळणारी, शिकलेली, सभ्य माणसं होती. अमेरिकेत इंडियाना राज्यानं १९०७ साली सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा केला, मग एकामागून एक राज्यं पुढे आली आणि साठ हजारांहून अधिक माणसांवर शस्त्रक्रिया झाल्या.

मला नेहमी १९२७ या सालाचं नवल वाटतं. त्या वर्षी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची नसबंदी वैध ठरवली. ती, तिची आई आणि तिची तान्ही मुलगी, तिघी मंदबुद्धी, असं कागदावर ठरलं होतं. वास्तविक कॅरीवर बलात्कार झाला होता. तिची मुलगी पुढे शाळेत चांगल्या गुणांनी पास होत होती; आठव्या वर्षी आजारानं गेली. त्याच १९२७ साली बर्लिनमध्ये कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्था सुरू झाली. तिच्याकडे आपण येणारच आहोत. मुंबईत र. धों. कर्व्यांनी त्याच वर्षी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. आणि मुंबईतूनच एक इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झालं, ‘सेक्स प्रॉब्लेम इन इंडिया’. उपशीर्षकातच म्हटलं होतं की भारतात सुप्रजाजननाची चळवळ हवी, तिची ही कैफियत आहे. प्रस्तावना मार्गारेट सँगरबाईंची. लेखक कोण? प्रा. ना. सी. फडके.

होय, तेच फडके. ‘जादूगार’, ‘दौलत’, ‘कुलाब्याची दांडी’वाले. जन्म १८९४, गाव कर्जत, आपल्याच जिल्ह्यातलं. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, म्हणजे माझे धंदेबंधू. ज्यांच्या कादंबऱ्या वाचून महाराष्ट्रातली दोन पिढ्यांची कॉलेजकुमार मंडळी नजरानजर होताच प्रेमात पडली, त्या लेखकानं लग्नाकडे प्रजेची प्रत सुधारण्याचं साधन म्हणून बघावं, हा विरोधाभास मला अजून सुटलेला नाही.

त्या पुस्तकाची थट्टा करून मोकळं होणं मात्र अन्यायाचं होईल. बालविवाहाविरुद्ध, अज्ञानाविरुद्ध, लैंगिक विषयावरच्या चोरटेपणाविरुद्ध लिहायला १९२७ साली हिंमत लागत होती. संततिनियमनाचा पुरस्कार करणाऱ्या र. धों. कर्व्यांना त्याआधी दोनच वर्षं कॉलेजातली नोकरी सोडावी लागली होती. फडक्यांनी तोच धोका पत्करला. गोची दुसरीकडे आहे. आपल्या पूर्वजांना सुप्रजेचं तत्त्व ठाऊक होतं, विवाहाचे जुने नियम त्यातून आले, ही बैठक त्यांनी घेतली आणि तिच्यावर पाश्चात्त्य शास्त्र बसवलं. योग्य आणि अयोग्य अशी माणसांची विभागणी त्या मांडणीत गृहीतच आहे. मी विद्यार्थी असताना, १९७२च्या सुमारास, हे पुस्तक वाचून भारावून गेलो होतो. एकदाही माझ्या मनात आलं नाही की अयोग्यांच्या यादीत आपलं नाव असू शकेल. हे पुस्तक वाचणाऱ्या कुणाच्याच मनात बहुधा ते आलं नसावं.

आता बर्लिन. १९२८च्या सुमारास पुण्याहून एक तरुण मराठी स्त्री तिथे डॉक्टरेट करायला गेली. इरावती कर्वे. र. धों.च्या धाकट्या भावाची, दिनकररावांची पत्नी. म्हणजे संततिनियमनाचे आद्य प्रचारक हे नात्यानं त्यांचे थोरले दीर. त्यांना मार्गदर्शक मिळाले ओयगेन फिशर, नुकत्याच सुरू झालेल्या त्या संस्थेचे संचालक. आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीत मिश्रवंशीय लोकांची मोजमापं घेऊन त्यांनी नाव कमावलं होतं. कवटीच्या डाव्या-उजव्या बाजूंत जो फरक असतो तो गोऱ्या युरोपियनांत अधिक असावा आणि त्याचा संबंध त्यांच्या बुद्धीशी असावा, अशी फिशरसाहेबांची अटकळ होती. काम सोपवलं इरावतीबाईंकडे.

बाईंनी कवट्या मोजल्या. युरोपातल्या मोजल्या, वसाहतींतून आणलेल्याही मोजल्या. मी प्रयोगशाळेतला माणूस नव्हे, पण कल्पना करा, परका देश, परकी भाषा, उसन्या पैशावर शिक्षण, आणि समोर अधिकारी पुरुष ज्याला एक विशिष्ट उत्तर हवं आहे. बाईंचं उत्तर आलं, असा वांशिक फरक दिसत नाही. प्रबंधात तेच लिहिलं आणि १९३० साली परत आल्या.

तीन वर्षांत हिटलर आला. जुलै १९३३मध्ये ‘आनुवंशिक रोग असलेली संतती’ रोखण्याचा कायदा झाला, सुमारे चार लाख माणसांची सक्तीनं नसबंदी झाली, आणि तो कायदा लागू करण्याच्या कामात फिशरच्या संस्थेचा हात होता. १९३९पासून नसबंदीचीही गरज उरली नाही. ऑगस्ट १९४१पर्यंत इस्पितळांतल्या, वेड्यांच्या आश्रमांतल्या सत्तर हजार रुग्णांना विषारी वायूनं मारलं गेलं, तेही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. छळछावण्यांतला वायू आधी रुग्णांवर वापरून झाला होता, हा क्रम लक्षात ठेवा.

इरावतीबाईंनी परत आल्यावर मोजमाप सोडलं असं नाही. डेक्कन कॉलेजात असताना महाराष्ट्रातल्या जातीजमातींची डोकी, नाकं, उंची त्यांनी पुष्कळ मोजली. त्यांना देव्हाऱ्यात बसवायचं कारण नाही. पण पट्टी हातात घेतलेल्या माणसानं पट्टी सांगेल ते ऐकायचं की साहेब सांगेल ते, हा प्रश्न त्यांनी सोडवला होता.

आता एक गणित सांगतो. घाबरू नका, फळा लागणार नाही. ‘सदोष’ माणसांना मूल होऊ दिलं नाही की दोष संपेल, हा या सगळ्या खटाटोपाचा पाया. तो पाया गणितानंच १९२७च्या आधी उखडला होता. समजा एक आजार दहा हजारांत एकाला होतो, आणि आई-वडील दोघांकडून दोषी जनुक आलं तरच होतो. तर ते जनुक एकेरी घेऊन फिरणारी, बाहेरून ठणठणीत दिसणारी माणसं किती? पन्नासात एक. या सभागृहात दोनशे जण असतील तर चार. आता आजारी माणसांपैकी एकालाही मूल होऊ द्यायचं नाही, असा कडक कायदा करा. त्या जनुकाचं प्रमाण निम्म्यावर यायला किती काळ लागेल? शंभर पिढ्या. अडीच हजार वर्षं. बुद्धाच्या काळी कायदा केला असता तर आज निम्मं झालं असतं.

आणि ‘दोष’ तरी कशाला म्हणायचं? नंदुरबार, गडचिरोलीकडे सिकलसेलचा आजार आहे. ज्याला दोन्हीकडून ते जनुक मिळतं त्याचे हाल विचारू नका. पण ज्याला एकाच बाजूनं मिळतं, त्याला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं. म्हणून तर मलेरियाच्या मुलखात ते टिकलं. निसर्गाच्या वहीत एकच नोंद जमेलाही असते आणि खर्चालाही.

‘निसर्गाविरुद्ध जाऊ नका’ असं म्हटलं की माझ्या वयाच्या लोकांना बरं वाटतं. मी तसं म्हणणार नाही. देवीची लस निसर्गाविरुद्धच होती. माझ्या दोन्ही डोळ्यांत कृत्रिम भिंगं आहेत, त्यांच्याशिवाय समोरचा कागद मला दिसला नसता. आजारी माणसाला बरं करणं आणि आजारी माणूसच नको म्हणणं, यांत फरक करायचा आहे. पहिल्यात डॉक्टर त्या माणसाच्या बाजूनं उभा असतो. दुसऱ्यात तो उद्याच्या, अजून न जन्मलेल्या कुठल्यातरी नमुनेदार माणसाच्या बाजूनं उभा असतो, समोरच्याच्या विरुद्ध.

हा फरक आपल्याकडे कुणाला कळला होता का? कळला होता, आणि पुन्हा नगरचा संबंध येतो. १९३६च्या ‘जातिभेदाचं निर्मूलन’ या, न झालेल्या भाषणात बाबासाहेब आंबेडकरांनी सुप्रजाजननाच्या आधारानं जातीचं समर्थन करणाऱ्यांचा समाचार घेतला. जात रक्ताच्या शुद्धतेसाठी असेल तर पोटजातींत लग्न का चालत नाही, सहभोजनाला बंदी कशाला, जेवणानं रक्त बदलतं काय, असा त्यांचा सवाल. आणि एवढ्या शतकांच्या निवडीचं फळ काय, तर सैन्यभरतीत नापास होणारी प्रजा! वकिली धारेचा युक्तिवाद आहे, मुळातून वाचा.

पण माझ्या मते त्याहून महत्त्वाचा प्रसंग १० नोव्हेंबर १९३८चा. मुंबई विधानसभेत संततिनियमनाच्या सोयी सरकारनं पुरवाव्यात असा ठराव आला. भाषण तयार केलं होतं बाबासाहेबांनी, पण ते सभागृहात मांडलं स्वतंत्र मजूर पक्षाचे प्रभाकर जनार्दन रोहम यांनी. हे रोहम नगर दक्षिणचे आमदार. आपल्या जिल्ह्यात किती जणांना हे नाव ठाऊक आहे? फडक्यांचं सगळ्यांना ठाऊक. त्या भाषणात देशाच्या गरिबीचा हिशोब आहेच. पण मध्यभागी बाई आहे. बाळंतपणाच्या वेणा पुरुषाला सोसाव्या लागल्या असत्या तर तो एकाच्या पुढे गेला नसता, आणि बाईला कुठल्याही कारणानं मूल नको असेल तर ते टाळण्याचं साधन तिच्या हाती असलं पाहिजे, हा त्याचा आशय. ठराव पडला.

दोन्हीकडे साधन तेच आहे, गर्भनिरोध. कर्जतच्या प्राध्यापकाला त्यातून उत्तम प्रजा हवी होती. नगरच्या आमदारानं विचारलं, या बाईला काय हवंय? मला आता वाटतं, सगळा झगडा एवढ्याशा फरकाचा आहे. पुढे आपल्या राज्यकर्त्यांनी पहिलाच रस्ता धरला. पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखालच्या राष्ट्रीय नियोजन समितीनंसुद्धा १९४० साली वेड, अपस्मार अशा ‘संक्रमित’ होणाऱ्या रोगांच्या माणसांची नसबंदी सुचवली होती. आणि १९७६ साली तीन मुलांनंतर सक्तीची नसबंदी करणारं विधेयक देशात कुठल्या विधिमंडळानं मंजूर केलं? आपल्या. महाराष्ट्राच्या. दोन्ही सभागृहांत. राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली नाही म्हणून ते कायदा झालं नाही, एवढंच. त्या आर्थिक वर्षात देशभरात ब्याऐंशी लाखांवर नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या.

त्यांतल्या दोन माझ्या नावावर आहेत.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, एका महाविद्यालयात नुकताच लागलो होतो. शिक्षकांना ‘केसेस’ आणायचं उद्दिष्ट दिलं होतं, नाही आणल्या तर पगारवाढीवर टाच. स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना पाच मुलं होती. त्यांना विचारायचं माझ्या डोक्यात आलं नाही. मी सायकल काढली आणि कारखान्याच्या रस्त्याला उसाच्या टोळ्या उतरल्या होत्या तिथल्या कोप्यांवर गेलो. मुकादमाशी बोललो. उचल घेतलेली माणसं मुकादमाला नाही म्हणू शकत नाहीत, हे मला माहीत होतं. त्यानं दोघं दिले. त्यातला एक पाथर्डीकडचा, तिशीच्या आतला, दोन लेकरांचा बाप. मी त्याला वाटेत लहान कुटुंबाचे फायदे समजावून सांगत होतो, म्हणजे शब्दशः व्याख्यान देत होतो. देशाची प्रजा निकोप कशी होईल वगैरे. फडके चांगले पाठ होते. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “गुरुजी, तुमचं झालंय का?” माझं तर लग्नही व्हायचं होतं. मी तसं सांगितलं. तो म्हणाला, “बरं हाय.” पुढच्या हंगामात टोळी आली तेव्हा मी पुन्हा कोप्यांवर गेलो. तो त्या टोळीत नव्हता. मुकादम म्हणाला, दुसरीकडे गेला असेल.

ही जबरदस्ती होती का? मी त्याला हात लावला नाही. फॉर्मवर त्याचा अंगठा आहे.

१९९४च्या फेब्रुवारीत शिरूरच्या सरकारी संस्थेतल्या मतिमंद मुलींना ससून रुग्णालयात नेऊन त्यांची गर्भाशयं काढायला सुरुवात झाली. पाळीच्या दिवसांत त्यांना स्वच्छता राखता येत नाही, हे कारण. महिला संघटनांनी ओरड केल्यावर उरलेल्या शस्त्रक्रिया थांबल्या. शिरूर आपल्या नगर-पुणे रस्त्यावरच आहे, कितीदा आपण तिथे चहाला थांबतो. तेव्हा अनेक सुशिक्षित लोकांनी मला विचारलं होतं, त्यात चूक काय? त्या मुलींच्याच भल्यासाठी होतं ना? तिथे किती माणसं कामाला होती, किती न्हाणीघरं होती, हे विचारणारे थोडे भेटले.

आणि मग गोठ्याचा प्रश्न उलटा होऊन घरात आला. गोठ्यात आपल्याला कालवड हवी, घरात मुलगा. गर्भलिंग तपासणीवर बंदी घालणारा देशातला पहिला कायदा महाराष्ट्राचा, १९८८चा. तरी २०११च्या जनगणनेत आपल्या जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे मुली किती होत्या? ८५२. दहा वर्षांपूर्वी ८८४ होत्या. इथे हिटलर नव्हता, उद्दिष्ट देणारा तहसीलदारही नव्हता. सोनोग्राफीचं यंत्र होतं आणि घरातलीच माणसं होती. सुप्रजा म्हणजे काय, याची ज्याची त्याची व्याख्या तयार होती.

आता तंत्र आणखी पुढे गेलं आहे. २०१८ साली चीनमध्ये हे च्यानक्वे या शास्त्रज्ञानं गर्भाच्या जनुकांत फेरफार करून जुळ्या मुली जन्माला घातल्या. त्याला तीन वर्षांची कैद झाली. आपल्याकडे बुद्धिमान बाळाची हमी देणाऱ्या गर्भसंस्कार वर्गांच्या पाट्या तालुक्याच्या गावांत लागल्या आहेत. त्यांचं विज्ञान कच्चं आहे म्हणून मला त्यांची फार धास्ती वाटत नाही. विज्ञान पक्कं झाल्यावर पाट्या बदलतील, गिऱ्हाईक तेच राहील.

माझी वेळ होत आली, संयोजक घड्याळ दाखवताहेत. प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंनी मघापासून हात वर केलाय, त्यांना माइक द्या. आणि हो, रोहमांच्या घराण्यातलं कुणी इथे असेल किंवा त्यांच्याबद्दल घरात ऐकलेलं कुणाला आठवत असेल, तर कार्यक्रमानंतर मला जरूर भेटा.